विलायती लोखंड आणि येळवस

ज्वारी पोटऱ्यात आली की लोकांना हुरड्याचे वेध लागतात. मला मात्र वेल्डिंगचा वास यायला लागतो. परवा लोहाऱ्याहून सास्तूरला, आमच्या गावी येताना जीपमध्ये दाटीवाटीने बसले होते. खिडकीतून करडईचा हिरवा वास येत होता, कुणाच्या तरी पिशवीतल्या पातीच्या कांद्याचा येत होता, आणि या सगळ्यांच्या आडून तो एक जळका, तिखट, नाकाच्या शेंड्याला चावणारा वास. शेजारच्या बाईंना विचारलं, "काही जळतंय का हो?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी थोडी पलीकडे ओढून घेतली. जळत काहीच नव्हतं. येळवस जवळ आली होती, एवढंच.

मी उमरग्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. ऋतू कसे होतात हे मुलांना फळ्यावर पृथ्वी काढून समजावून सांगते. पण माझ्यापुरता हा एक ऋतू पृथ्वीच्या कलण्याने होत नाही. आमच्या पत्र्याच्या शेडात एका हिवाळ्यात एक गाडी एका बाजूला कलली होती, त्याने होतो.

आधी थोडं त्या गाडीबद्दल सांगते. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितलं की जाणकार मंडळी नटबोल्टच्या मापापर्यंत खोदून विचारतात, आणि मला त्यातलं काही येत नाही. विलायती आहे, फार जुनी आहे, जमिनीला टेकेल इतकी बुटकी आहे. नाक लांब, मागे काहीच नाही, आणि वर टप नाही. रंग हिरवा. बसायची सोय दोन माणसांची, तीही अंग चोरून. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूरच्या फेरीला त्यांची बस एका चौकात हमखास अडकायची आणि तिथे एका जुन्या गिरणीमालकाच्या फाटकाआड ही गाडी उभी दिसायची. माणसं बगीचा बघतात, देऊळ बघतात. आबांनी कितीतरी वर्षं ती गाडी बघितली. निवृत्त झाल्यावर त्या बंगल्यावर जाऊन तिच्याबद्दल विचारूनच आले, आणि चक्क घेऊन आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, वर ताडपत्री बांधून, जणू काही गावात हत्ती आणलाय.

आईने ताडपत्री उचलून आत बघितलं.

"दोनच माणसं बसायची?" ती म्हणाली. "मग हिला गाडी कशाला म्हणायचं? खुर्ची म्हणा की."

"आयुष्यभर पाठीमागं आख्खं गाव घेऊन फिरलो," आबा म्हणाले. "शेजारी कुणी बसलं न्हाय."

त्या बोलण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण ती तशीच घरात गेली आणि पुढे बरेच दिवस आबांच्या ताटात भाकरी जरा जोरात पडत राहिली. गाडीत मात्र ती बसली नाही. आधी रागाने, मग लाजेने. वेशीत बसलेली माणसं बघतील, म्हणायची. आबा एकटेच गावातून एक चक्कर मारून यायचे आणि शेजारची सीट मोकळीच परत यायची.

एसटीने आबांना एक खोड लावून ठेवली होती. दोन घंटा वाजल्याशिवाय त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जातच नाही. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मोटारसायकलवर आम्ही भावंडं मागे बसलो की त्यांच्या पाठीवर दोन टिचक्या मारायच्या, तेव्हा गाडी हलायची. मारल्या नाहीत तर आबा इंजिन चालू ठेवून आरामात आकाश बघत बसायचे. आईने मात्र जन्मात कधी टिचकी मारली नाही. "चार माणसांत नवऱ्याच्या पाठीवर टिचक्या मारायला म्या काय कंडक्टर हाय?" ती मागे बसून फक्त म्हणायची, "चला की आता." आबा तेवढ्यावर निघायचे, पण जरा नाराजीने.

भूकंपानंतर आमचं गाव नव्याने वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, सिमेंटच्या भिंती, सिमेंटच्या जमिनी. लहानपणी मला ते फार आवडायचं, कारण लपाछपीत कोण कुठल्या घरामागे आहे ते मोजून काढता यायचं. आईचं मात्र एक दुःख होतं. सारवायला जागा उरली नाही. शेण कालवून, हाताची पाचही बोटं उमटवत, अर्धगोल काढत मागे मागे सरकत जायचं, हे ज्या बाईने आयुष्यभर केलं तिला फरशी पुसण्यात काय मिळणार? गावात आमच्या मालकीची मातीची जमीन एकाच ठिकाणी होती: घरामागच्या पत्र्याच्या शेडात. आणि तिथे आता आबांची गाडी उभी होती.

आईने तिथे सारवायला सुरुवात केली. दर शनिवारी. गाडीच्या चारी बाजूंनी, आणि हात पुरेल तेवढं गाडीच्या खालीसुद्धा. वर पाण्याचा हलका सडा. ज्या गाडीत बसायला ती तयार नव्हती, तिच्याखालची जमीन तिने देवघरासारखी राखली. उन्हाळ्यात त्या शेडात गेलं की गार वाटायचं आणि ओल्या शेणाचा, पेट्रोलचा असा एकत्र वास यायचा. मला तो अजून आवडतो. आबा तर गावभर सांगायचे, की विलायतेत असली गाडी असेल, पण असली जागा नसेल.

आता येळवशीबद्दल. आमच्या भागाबाहेरच्या लोकांना हा सण समजावून सांगताना मला नेहमी धाप लागते. वेळा अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग जो दिसेल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणे, वाल, पातीचा कांदा, हाताला लागेल ते सगळं घालून केलेली घट्ट भज्जी. बाजरीचे उंडे. शेंगांच्या पोळ्या. आणि आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण घालून, रात्रभर मुरवलेलं गारेगार प्रकरण. ती मातीच्या बिंदग्यात भरून रानात न्यायची.

आमच्या घरात त्या बिंदग्याचा एक नियम आहे. ते घरातल्या कर्त्या बाईच्या डोक्यावरूनच रानात जातं. चुंबळ, त्यावर बिंदगं, आणि थेट कोपीपर्यंत. मध्ये खाली ठेवायचं नाही. कुणी घालून दिलाय हा नियम, कुणाला माहीत नाही. आईच्या सासूने पाळला, आईने पाळला. गाव ते रान ही वाट ती दरवर्षी मान ताठ ठेवून, दोन्ही हात वर धरून चालायची, आणि आम्ही मागून तिच्या पायाकडे बघत चालायचो. वर्षभर मान खाली घालून काम करणारी माझी आई त्या एका सकाळी सरळ समोर बघत चालायची. मला वाटतं, सण तिच्यासाठी तोच होता. बाकी सगळं आमच्यासाठी होतं.

मग त्या वर्षी दिवाळीत तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, दिव्यापुढे धरला आणि ओझं उचलून चालायचं नाही असं सांगितलं. आईने ते शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "मग यंदा येळवशीला म्या न्हाय येत. तुमी जावा."

आम्ही एकदम बोलायला लागलो. माझा धाकटा भाऊ बाळू शेती बघतो. तो म्हणाला, बैलगाडीतून नेतो. पण बैलगाडीत चढायचं तर चाकावर पाय द्यावा लागतो, तो गुडघा वाकत नव्हता. ट्रॉली त्याहून उंच. जीपला टप, डोक्यावर बिंदगं घेऊन आत मावणार कसं? मी म्हणाले, "आई, मोठ्या डब्यात भरू की आंबील. मांडीवर धर."

"डब्यात न्यायला ती काय साखर हाय?" आई म्हणाली. "न्हाय तर न्हाय. माझं काय आडलंय त्याच्यावाचून?"

तिचं अडत होतं हे भिंतींनाही कळत होतं. मला भीती वाटली ती वेगळीच. आमची आई एखाद्या गोष्टीला एकदा नाही म्हणाली की त्याच्यामागून बाकीच्या गोष्टी आपोआप नाही होत जातात. आज रान, उद्या बाजार, परवा लग्नकार्य. दार लोटून घेतलं की ते हळूहळू लागत जातं. मला ते दार लागू द्यायचं नव्हतं.

आबा इतका वेळ जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "आपल्या गाडीला टप न्हाय."

 मग बाळू हसायला लागला. मग मी. आई तवा उतरवत म्हणाली, "याड लागलंय तुमाला," पण तिने आबांच्या ताटात भाकरी ठेवली ती अगदी हळू ठेवली. आबा पुढे हिशेब मांडत गेले. बुटकी गाडी, चढायला पायरी नाही. बसलं की पाय समोर लांब सोडायचे, गुडघा वाकवायचं काम नाही. उठवायला दोघं लागतील, ती आहेत. आणि डोक्यावर मोकळं आभाळ. बिंदगं काय, वर अजून एक घागर ठेवली तरी चालेल. नियमात बिंदगं डोक्यावरून गेलं पाहिजे एवढंच आहे. पाय कुणाचे पाहिजेत ते कुठे म्हटलंय?

अडचण एकच होती. गेली काही वर्षं गाडी खड्ड्यातून जाताना पोटातून कण्हायची, म्हणून आबा तिला बाहेर काढत नव्हते. दर रविवारी नुसतं इंजिन चालू करायचे आणि बंद करायचे.

हमीदभाईंना बोलावलं. लोहारा रस्त्याला त्यांचं ट्रॉल्या बनवायचं दुकान आहे. अंगाने दांडगे, आवाज त्याहून दांडगा, आणि स्वतःच्या कामाबद्दल एक शब्द कमी बोलणं त्यांना जमत नाही. "डायवरसाब, आपुन बनवलेली ट्रॉली आजतागायत मुडली नाही. ऊस भरा, दगड भरा, हत्ती भरा. ही तर चिमणी आहे." असं म्हणून ते गाडीखाली पोतं टाकून शिरले. असल्या गाडीच्या पोटाखाली लांबीने दोन पोकळ लोखंडी तुळया असतात. इंजिन, सीटा, दारं, सगळा संसार त्यांच्यावर. हमीदभाई त्यांना बैलगाडीसारखं दांड्या म्हणायचे. त्यांनी एका दांडीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला, आणि त्या भोकातून ओली काळी माती त्यांच्या दाढीवर सांडली.

ते बाहेर आले. मातीची चिमूट नाकाजवळ नेली. "गोबर," म्हणाले. "डायवरसाब, खालून ओल लागली. दोन्ही दांड्या खल्लास."

शेडाच्या दारात आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिला ते आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "माझ्या सारवणानं खाल्ली व्हय गाडी?" तिने विचारलं. इतक्या बारीक आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

आबा लगेच म्हणाले, "न्हाय न्हाय. तू सारवलंस म्हणून इतकी वर्षं तरी टिकली."

हे साफ खोटं होतं आणि शेडातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. हमीदभाईंनी दाढी झटकली, गाडीकडे एकदा रागाने बघितलं आणि म्हणाले, "भाभी, तुमची काय चूक? विलायती लोखंड. शेणाची सवय नाही त्याला."

आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. त्या वाक्यासाठी मी हमीदभाईंच्या पुढच्या सगळ्या चुका माफ केल्या, आणि त्या काही थोड्या नव्हत्या.

ते दिवस आठवले की मला आधी उजेड आठवतो. हमीदभाईंनी वेल्डिंगचं मशीन शेडातच आणलं, कारण गाडी हलवली तर मधोमध दुमडेल अशी स्थिती होती. ठिणगी उडाली की शेडाच्या पत्र्यांच्या फटींतून निळा उजेड अंगणात सांडायचा. आणि त्याच वेळी आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांचे दिवे मलूल व्हायचे. पंखे हळू, टीव्हीवरच्या सुनेचं तोंड अर्धं. शेजारणी भांडायला यायच्या. "काय चाललंय व्हो? आमची मालिका गेली." आई त्यांना शेडात न्यायची, चहा द्यायची, आणि मग त्या मालिकेपेक्षा हीच बरी म्हणून डोळ्यांवर पदर धरून तिथेच बसायच्या. कुणी शेंगा आणायची, कुणी तीळ निवडायला घेऊन यायची. गावातल्या अर्ध्या तिळातले खडे त्या वर्षी वेल्डिंगच्या उजेडात निवडले गेले. कॉलेजातून रजा काढून मी आले होते ती मदतीला. प्रत्यक्षात चहाची भांडी विसळणं हेच माझं काम होतं, आणि मी त्यात फार सुखी होते.

हमीदभाईंना पहिल्यांदा उसाच्या ट्रॉलीचं जाड लोखंडी चॅनेल घालायचं होतं. "दहा टन झेलेल." आबा म्हणाले, "मला एक बायकू न्यायची हाय, कारखान्याला ऊस न्हाय." शेवटी पातळ पत्रा दुमडून, पेटीसारख्या नव्या दांड्या बनल्या. आबा स्वतः आत लाल रंग ओतून, दांडी उलटीपालटी करून सगळीकडे पोचतोय का बघत होते. म्हशीला औषध पाजताना करतात तशी त्यांची धडपड चालली होती.

मग ती घोडचूक झाली. गाडी पुढे-मागे विटांच्या थरांवर उभी होती. हमीदभाईंनी डावी दांडी मधून कापली, नवी बसवली, भराभर वेल्डिंगचे टाके मारले, आणि कपाळ पुसत म्हणाले, "बसा डायवरसाब." आबांनी हौसेने आईच्या बाजूचं दार उघडलं. उघडलं ते ठीक. लावायला गेले तर लागेना. वरच्या कोपऱ्यात दार चौकटीवर चढलेलं, खाली बोटभर फट. जुनी दांडी कापताच गाडीचं पोट मधोमध, डाव्या अंगाला कलून, खाली बसलं होतं, आणि त्या बसलेल्या पोटालाच नवी दांडी जोडली गेली होती. कापायच्या आधी मधे टेकू द्यायला हवा होता, दाराच्या चौकटीत आडवा पाइप मारायला हवा होता. हमीदभाईंच्या ते मनातही आलं नाही. येणार कसं?

"ट्रॉलीला दार कुठं असतंय?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

येळवस तोंडावर आली होती. रानात बाळूने कोपीसाठी कडबा रचून ठेवला होता. घरात ताक विरजलं जात होतं, बिंदगं आत-बाहेर धुऊन उन्हात पालथं घातलं होतं. आणि इथे आईच्या बाजूचं दारच लागत नव्हतं. तसंच दोरीने बांधून नेऊ, असं मी म्हणाले. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत चहाला गेले. शेडाच्या बाहेर आई नुसती उभी होती. "जाऊ द्या," म्हणाली. "हट्ट नगा करू. पुढल्या साली बघू." आणि तिच्या त्या 'पुढल्या साली'त मला तेच ते दार दिसलं, लोटलेलं.

"टाके तोडा, हमीदभाई," आबा म्हणाले.

टाके तोडले. जॅक गाडीच्या पोटाच्या बरोब्बर मधे लावला. आबा खाली उताणे, हमीदभाई दारापाशी. जॅकचा दांडा थोडा फिरवायचा, दार बघायचं. पुन्हा थोडा फिरवायचा. फट सारखी झाली की नाही हे कसं कळावं? बाळूने कडब्याचं एक धाट आणलं. ते दाराच्या फटीतून वरून खाली फिरवायचं. अडकलं तर फट कमी, सैल गेलं तर जास्त. त्या धाटाचं एवढं कौतुक झालं, की शेजारणी ज्वारीची निवड करतात तशा धाटं निवडायला लागल्या. दुपार गेली. ऊन शेडातून निघून अंगणात गेलं. शेवटी धाट वरून खाली अगदी एकसारखं सरकत आलं, आणि हमीदभाई ओरडले, "रोको! हात लगाव मत!" जणू आम्ही सगळे जॅकवरच बसलो होतो. चौकटीत आडवा पाइप पडला. मग दांडी पुन्हा बसली, टाके नव्हे, पुरतं वेल्डिंग झालं, आणि तसंच उजव्या बाजूचं, या वेळी टेकू आधी.

जॅक काढला. आबांनी दार लोटलं. खट्. एक छोटा, घट्ट, समाधानी आवाज. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. खट्. मग हमीदभाईंनी लावून बघितलं. मग मी. मग शेजारणींनी रांग लावून. आई म्हणाली, "मोडाल परत," आणि सगळ्यांत शेवटी, कुणी बघत नाही असं समजून, तिनेही एकदा लावून बघितलं.

येळवशीची पहाट. धुकं ज्वारीच्या कमरेपर्यंत. घरात लसणाच्या फोडणीचा वास, अंगणात ताज्या हिरव्या रंगाचा. आईने ठेवणीतलं इरकल नेसलेलं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. हमीदभाई कुटुंबाला घेऊन हजर. त्यांना सोडून कुणी जेवणार नव्हतंच. आईला दोघांनी धरून सीटवर बसवलं. तिने पाय समोर लांब केले आणि चकित होऊन स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मी चुंबळ ठेवली. बाळूने बिंदगं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. तिने दोन्ही हात वर नेले, मान ताठ झाली, नजर सरळ समोर गेली. दार लागलं. खट्.

आबा शेजारी येऊन बसले. इंजिन घुरघुरलं. सगळी गल्ली बाहेर आलेली, बायकांच्या डोक्यावर बिंदगी, पोरांच्या हातात उंड्यांची गाठोडी. आणि आबा निघेनात. दोन्ही हात स्टीअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि गाडी जागच्या जागी.

"आबा, चला की!" बाळू म्हणाला. आबा आकाशाकडे बघायला लागले.

मला वाटलं, आता आई नेहमीचं म्हणेल.  पण मान जराही न हलवता तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून आबांकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. मग डावा हात बिंदग्यावरून थोडा उचलला, आणि आख्ख्या गल्लीसमोर, चार नव्हे चारशे माणसांत, हातातला चुडा बिंदग्यावर दोनदा वाजवला.

किण. किण.

आबांनी गिअर टाकला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली, पुढे बिंदग्यांची रांग, मागे बिंदग्यांची रांग, मधे आमची आई, जमिनीपासून हातभर उंचीवर, राणीसारखी. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, आणि हमीदभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, की दहा टनांची बनवली असती तरी चालली असती.

हे सगळं होऊन आता काही वर्षं झाली. दरवर्षी येळवशीला ती गाडी निघते. शेडात आबांनी फरशी घातली; आईला सारवायला रानातल्या कोपीपुढची जागा मिळाली, ती दोन दिवस आधीच जाऊन, म्हणजे गाडीतूनच जाऊन, सारवून येते. आबा आता थकलेत. बातम्या इतक्या मोठ्याने लावतात, की परवा जीप आमच्या गल्लीत वळली तेव्हाच मला जगात काय घडलं ते समजलं होतं.

आत गेले तर आई उंबऱ्यात बसून कासारणीकडून बांगड्या भरून घेत होती. अजून अमावस्येला अवकाश. हातात पहिल्या बांगड्याही होत्याच, चांगल्या होत्या.

"एवढ्या कशाला गं?" मी विचारलं. "कोपरापर्यंत आहेत की."

तिने आतल्या खोलीकडे, बातम्यांच्या आवाजाकडे एकदा बघितलं. मग मनगट कानाशी नेऊन हलवून बघितलं, आणि कासारणीपुढे दुसरा हात केला.

"यांला आता कमी ऐकू येतंय," ती म्हणाली. "घंटा मोठी पायजे."